आकड्याशेजारची पाती

जोडारी (फिटर) व्यवसायाच्या पहिल्या वर्षाला फिलर गेज, म्हणजे बारीक फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पोलादी पात्यांचा संच, शिकवताना मी अनेक वर्षे एकच वाक्य सांगत आलो आहे: फटीत घातलेले पाते बाहेर काढताना बोटांना हलकी ओढ जाणवली, की फट त्या पात्याच्या जाडीइतकी आहे असे समजावे. पाठ्यपुस्तकात याच अर्थाचे वाक्य आहे आणि विदर्भातल्या ज्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मी शिल्पनिदेशक आहे, तिथली मुले ते परीक्षेत बिनचूक लिहितात. गेल्या वर्षी मात्र एका प्रशिक्षणार्थी मुलीने हात वर करून विचारले, "सर, हलकी म्हणजे किती?" मी तिला "सरावाने कळते" असे सांगितले. उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते आणि ते अपुरे आहे हे मला देतानाच ठाऊक होते. आदल्याच रविवारी मी माझ्या पल्सर १५०च्या टॅपेटची फट घरी तपासली होती आणि सगळे बसवून गाडी सुरू केल्यावर तिचा टॅपेट पूर्वीपेक्षा जास्त वाजत होता.

ही फट म्हणजे नेमके काय, हे आधी सांगायला हवे. इंजिनात फिरणारा उंचवट्याचा कॅम रॉकर नावाच्या छोट्या तरफेला उचलतो, रॉकरचे दुसरे टोक व्हॉल्व्हच्या, म्हणजे वायू आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या, दांड्यावर दाब देते आणि व्हॉल्व्ह उघडतो. व्हॉल्व्ह बंद असताना रॉकरच्या स्क्रूचे टोक आणि दांड्याचे टोक यांच्यात किंचित मोकळी जागा ठेवलेली असते, हीच टॅपेटची फट, कारण तापलेले पोलाद वाढते. शंभर मिलिमीटर लांबीचा पोलादी दांडा १०० अंश सेल्सिअसने तापला, तर तो साधारण ०.१२ मि.मी. वाढतो. सिलिंडर हेडही तापते आणि ते ॲल्युमिनियमचे असल्याने पोलादाच्या जवळजवळ दुपटीने प्रसरण पावते, त्यामुळे हा हिशेब सरळ वजाबाकीचा राहत नाही. इंजिन बनवणारे तो करून मोकळे होतात आणि थंड इंजिनासाठी एक आकडा पुस्तिकेत छापून देतात. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेल्या वायूंच्या वाटेतच उभा असल्याने तो अधिक तापतो, म्हणून त्याची फट बहुधा अधिक असते. माझ्या गाडीसाठी इनटेकला, म्हणजे ताजे मिश्रण आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला, ०.०५ आणि एक्झॉस्टला ०.१० मि.मी. असे आकडे आहेत. दाढीचे साधे दुधारी ब्लेड सुमारे ०.१० मि.मी. जाड असते, म्हणजे एक्झॉस्टची फट एका ब्लेडची आणि इनटेकची अर्ध्या ब्लेडची.

फट वाढली तर टकटक आवाज येतो आणि व्हॉल्व्ह थोडा कमी उघडतो. फट नाहीशी झाली तर काहीच ऐकू येत नाही आणि धोका खरा तिथेच असतो. व्हॉल्व्ह आपल्या सीटवर, म्हणजे बंद होताना तो ज्या कड्यावर बसतो तिथे, पूर्ण टेकत नाही, कॉम्प्रेशन गळते, गाडी सकाळी लवकर सुरू होत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटवर टेकलेला असतानाच बाहेर टाकत असतो, त्याला ती टाकायला जागाच न मिळाल्याने त्याची कड जळू लागते. सीट झिजत जाते तसा व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो आणि फट गुपचूप कमी होते. वाजणारा टॅपेट परवडला, गप्प झालेला परवडत नाही, असे जुने मिस्त्री म्हणतात ते यासाठी. अशा वेळी हाती असलेल्या पात्यावर आपला किती भरवसा आहे, हा प्रश्न क्षुल्लक राहत नाही.

माझ्याकडे तेव्हा घरी असलेला संच वीस पात्यांचा होता आणि बाजारात सर्वांत सहज मिळणारा संच हाच असतो. पहिले पाते ०.०५ मि.मी.चे आणि पुढे प्रत्येकी ०.०५ वाढवत शेवटचे १.०० मि.मी.चे. दिसायला तो भरगच्च आणि हातात घेतल्यावर वजनदार असतो, त्यामुळे घेणाऱ्याला समाधान वाटते. माझ्या गाडीचे दोन्ही आकडे त्यात होते, म्हणून मीही तो संच योग्य मानला होता. पण त्या वीस पात्यांपैकी अठरा माझ्या इंजिनाच्या कधीच उपयोगाची नव्हती, आणि जी दोन उपयोगाची होती, त्यांच्या आजूबाजूला कोणीच नव्हते. ०.०५च्या खाली काही नाही, वर एकदम ०.१०, आणि ०.१०च्या वर एकदम ०.१५. हे उणेपण मला तेव्हा उणेपण वाटले नव्हते.

गाडी वाजू लागल्यावर मी प्रथम पात्याच्या जाडीवर संशय घेतला. सोमवारी संच संस्थेत नेला, मायक्रोमीटरची शून्य-त्रुटी तपासली आणि ०.०५चे पाते मोजले. ते ०.०५च भरले. पुन्हा मोजले, तरी तेच. मग ते सरफेस प्लेटवर, म्हणजे अचूक सपाट केलेल्या पाटावर, आडवे ठेवले आणि डोळे प्लेटच्या पातळीवर नेऊन पाहिले, तेव्हा पात्याच्या टोकाखालून उजेडाची बारीक रेघ दिसली. पूर्वी कधीतरी ते फटीत ढकलताना मुडपले असावे आणि सरळ केल्यावरही त्यात एक सूक्ष्म लाट शिल्लक राहिली असावी. मायक्रोमीटरच्या जबड्यात ती लाट दाबली जात होती, म्हणून मोजमाप खरे येत होते. रॉकरखाली तिला दाबणारे कोणी नव्हते, म्हणून फट अजून ऐसपैस असतानाच पाते दोन्ही बाजूंना घासत होते आणि माझी बोटे ती घासण हीच अपेक्षित ओढ समजत होती. संस्थेतल्या चांगल्या संचाने त्याच संध्याकाळी घरी पुन्हा पाहिले, तेव्हा इनटेकमध्ये ०.०६चे पाते विनासायास गेले आणि ०.०७चे ओढ देत गेले.

त्यामुळे आता कोणी फिलर गेज कोणते घ्यावे असे विचारले, तर मी पात्यांची संख्या आणि किंमत यांच्या आधी दोन गोष्टी पाहायला सांगतो. आपल्या गाडीचा आकडा त्यात आहे का, हे तर पाहावेच, पण त्या आकड्याचे शेजारी त्यात आहेत का, हे त्याहून आधी पाहावे. भारतीय मानक आयएस ३१७९ मध्ये फिलर गेजचे चार प्रमाणित संच ठरवून दिलेले आहेत आणि त्यांपैकी चौथ्या क्रमांकाचा संच तेरा पात्यांचा आहे: ०.०३, ०.०४, ०.०५, ०.०६, ०.०७, ०.०८, ०.०९, ०.१०, ०.१५, ०.२०, ०.३०, ०.४० आणि ०.५० मि.मी. हे आकडे मी फळ्यावर कित्येकदा लिहिले आहेत, मुलांकडून पाठ करून घेतले आहेत, आणि तरी हा संच आपल्या रस्त्यांवरच्या छोट्या मोटरसायकलींसाठी किती नेमका आहे हे मला माझ्या अंगणात गुडघ्यावर बसल्यावरच उमगले. पहिली आठ पाती एकेका शतांशाने चढतात, आणि १०० ते १५० सीसीच्या गाड्यांच्या टॅपेटचे आकडे बहुतेक त्याच पट्ट्यात किंवा त्याला लागून असतात. होंडाच्या अनेक मोटरसायकलींच्या पुस्तिकांत आकड्यापुढे ±०.०२ मि.मी. अशी सूट दिलेली असते. ०.०८ हा आकडा आणि ही सूट घेतली, तर ०.०६ आणि ०.१० ही दोन पाती म्हणजे त्या गाडीच्या दोन्ही सीमा आहेत. वीस पात्यांच्या त्या जाडजूड संचात यांपैकी एकच सापडते.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मी पुढच्या प्रात्यक्षिकाला दिले. मायक्रोमीटर ०.१०वर आणून त्याचा लॉक लावला आणि प्रत्येकाला तीन गोष्टी त्या जबड्यातून नेऊन पाहायला सांगितल्या: ०.०९चे पाते, ०.१०चे पाते, आणि ०.०५ व ०.०६ एकत्र करून झालेले ०.११. पहिले पाते काही न बोलता निघून जाते. दुसरे जाते, पण जाताना दोन्ही बाजूंनी कोणी चिमटीत धरल्यासारखे वाटते आणि हात थांबवला की तेही थांबते. तिसऱ्याला तोंडाशीच अडथळा होतो. वर्गातल्या वीस-बावीस मुलांनी आळीपाळीने हे केले आणि शेवटी तीच मुलगी म्हणाली, "म्हणजे सर, ओढ वेगळी ओळखायची नाही. नऊ गेले आणि अकरा अडले, तर मधले दहा." तिच्या प्रात्यक्षिक वहीत मी त्या दिवशी लाल शाईने काहीच लिहिले नाही, कारण त्यात भर घालण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते.

कारखान्यांत ठोक माल तपासताना जाते आणि जात नाही अशा दोन तोंडांचे गेज वापरतात, तेच हे तत्त्व. ओढ ही माणसागणिक बदलते, तेलकट हाताने बदलते, थकलेल्या हाताने बदलते. जाते आणि जात नाही हे मात्र सगळ्यांना सारखेच कळते. परदेशांत यासाठी पायरीची पातीही मिळतात, ज्यांचे टोक एका जाडीचे आणि मागचा भाग दोन हजारांश इंचाने अधिक जाड असतो. आपल्या गाडीची सूट नेमकी तेवढीच असेल तर ती उत्तम, पण आकडे जुळत नसतील तर त्या सोयीचा उपयोग नाही. मला दोन सुटी पातीच अधिक विश्वासाची वाटतात.

इंचांचा विषय निघालाच आहे तर तोही सांगतो. आमच्याकडचे जुने मिस्त्री अजून थाऊमध्ये बोलतात, दोन थाऊ इनटेक, चार थाऊ एक्झॉस्ट. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मि.मी. दोन थाऊ म्हणजे ०.०५०८ आणि चार थाऊ म्हणजे ०.१०१६, त्यामुळे माझ्या गाडीला त्यांची भाषा अडचणीची नाही. पण ०.१२च्या गाडीला पाच थाऊचे पाते लावले तर ते ०.१२७ होते, आणि फक्त इंचांतला संच घेतला असेल तर हा फरक प्रत्येक वेळी गाडीच्या पदरात पडतो. संचावर दोन्ही आकडे कोरलेले असले तरी मूळ पाते कोणत्या मापाने बनवले आहे, हे विचारून घ्यावे.

तेरा पात्यांच्या संचालाही माझ्या एक्झॉस्टसाठी एक उणीव आहेच. ०.१०चा खालचा शेजारी त्यात आहे, वरचा नाही. वर्गात केली तशी दोन पाती जोडून ०.११ करता येते, आणि कमीत कमी पात्यांतून जास्तीत जास्त मापे जुळवता यावीत म्हणूनच या संचांतले आकडे निवडलेले असतात. पण जोडताना दोन्ही पाती पेट्रोलने पुसून पूर्ण कोरडी करावी लागतात, कारण मधला तेलाचा थर आपली जाडी त्यांत मिळवतो, आणि इंजिनाच्या आत तर सगळीकडे तेलच असते. मी शेवटी दुसरा मार्ग धरला. फिलर गेजची पट्टी गुंडाळीतही मिळते, साधारण अर्धा इंच रुंद आणि काही मीटर लांब. त्यातली ०.११ची पट्टी एका ओळखीच्या टूलरूममधून वीतभर मागून आणली, पत्र्याच्या कात्रीने तिची रुंदी निम्मी केली आणि दोन्ही कडा ऑइल स्टोनवर अलगद फिरवल्या. ही शेवटची पायरी कोणी गाळू नये. कात्रीने कापलेल्या कडेला नेहमी धार उभी राहते, आणि ती धार पात्याच्या जाडीत मिसळली की ०.११चे पाते किती शतांशांचे होईल याची शाश्वती उरत नाही.

रुंदी निम्मी करण्यामागे आणखी एक कारण होते. पेट्रोलची टाकी उतरवल्यावरही फ्रेमच्या पाइपाखाली हात घालून अर्धा इंच रुंदीचे पाते रॉकरच्या टोकाखाली सपाट ठेवणे कठीण जाते. ते किंचित तिरके झाले तरी एका कडेवर टेकते आणि फट आहे त्याहून कमी भासते. यासाठी पुढे वाकवलेल्या पात्यांचे संच मिळतात आणि काही जण त्यांचीच शिफारस करतात. ०.१५ किंवा ०.२०च्या जाडीला ती चांगली आहेत. ०.०५सारख्या कोवळ्या पात्याला मात्र बाक देणे मला पटत नाही, कारण वापरता वापरता तो बाक पुढे सरकतो आणि माझ्या पहिल्या पात्यातली लाट पुन्हा जन्माला येते. सरळ, पण अरुंद पाते टोकाजवळ धरून आत सरकवावे आणि माप घेताना नेहमी बाहेर ओढावे. कागदाइतके पातळ पाते ढकलले की ते मुडपणारच.

पात्यांनी सांगितलेले सगळे बरोबर असूनही गाडी वाजत राहते, असाही एक प्रसंग येतो आणि तो मी शेजारच्या घरातल्या एका जुन्या गाडीवर पाहिला. खालचे पाते जात होते, वरचे अडत होते, तरी टकटक थांबत नव्हती. स्क्रू काढून भिंगाखाली धरला, तेव्हा त्याच्या टोकाला वाटीसारखा बारीक खळगा पडलेला दिसला. पाते सपाट असते, ते खळग्याच्या दोन कडांवर पुलासारखे टेकते आणि खळग्याची खोली त्याला कळतच नाही. खरी फट मोजलेल्या फटीपेक्षा तेवढ्या खोलीने मोठी असते. इथे शेजारच्या पात्यांची साक्षही उपयोगाची नाही, कारण सगळी पाती एकाच पुलावरून जातात. स्क्रू बदलला आणि आवाज गेला. तेव्हापासून स्क्रू जागी धरणारा लॉकनट सैल केला की स्क्रूच्या टोकावर नख फिरवून पाहायची सवय मी स्वतःला लावली आहे.

सगळ्याच गाड्यांना हा खटाटोप लागत नाही. बिडाच्या इंजिनाच्या जुन्या बुलेटला फिलर गेज नकोच असते. थंड इंजिनात पुशरॉड, म्हणजे कॅमची हालचाल वर रॉकरपर्यंत नेणारा दांडा, बोटांनी सहज फिरावा, पण वरखाली हलू नये, एवढी एकच कसोटी तिथे आहे. नंतरच्या यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच घडणीत असलेल्या) इंजिनाच्या बुलेटमध्ये तेलाच्या दाबाने फट आपोआप भरून काढणारे हायड्रॉलिक टॅपेट आल्यावर तीही उरली नाही. उलट, चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९०सारख्या गाडीत स्क्रू नसून शिम, म्हणजे ठरावीक जाडीची छोटी चकती, असते. तिथे फट जुळवायची नसते, आधी ती अचूक मोजायची आणि मग वजाबाकी करून नवी शिम मागवायची असते. मोजण्यात एका शतांशाची चूक झाली, तर ती तशीच शिमच्या जाडीत उतरते, म्हणून अशा गाडीवाल्याने एकेका शतांशाने चढणारी पाती त्याच्या आकड्यांच्या पुढेमागे पाच-पाच तरी जवळ ठेवावीत आणि मित्सुतोयोसारख्या कंपनीचा संच घेण्यात हात आखडता घेऊ नये, असे मला वाटते.

पाती घरी आणल्यावर त्यांच्यावरचे गंज न धरण्यासाठी लावलेले तेल पुसून टाकावे, आणि काम झाल्यावर पुन्हा तेलाचा अगदी पुसट हात देऊन ठेवावे. संच मिटताना कोवळी पाती जाड पात्यांच्या मध्ये येतील असे पाहावे. लाट आलेले पाते सरळ करत बसू नये, त्याचे टोक कापून टाकावे.

आमच्याकडे एक अडचण अशी आहे जी पुण्या-मुंबईच्या माणसाला चटकन लक्षात येणार नाही. थंड इंजिन म्हणजे किती थंड, तर काही पुस्तिका ३५ अंश सेल्सिअसच्या खाली असे स्पष्ट सांगतात. मे महिन्यात अकोल्याकडे दुपारी पारा पंचेचाळीसला टेकतो, आणि सावलीत दिवसभर न हललेली गाडीसुद्धा त्या अर्थाने गरमच असते. त्यामुळे उन्हाळ्यात हे काम मी पहाटे साडेपाचला करतो. रात्रभर गाडी अंगणात उभी असते, टाकी आदल्या रात्रीच उतरवून ठेवलेली असते, आणि उजाडेपर्यंत हेड हाताला गार लागते. प्लग काढायचे, मॅग्नेटच्या खिडकीतून पिस्टन वरच्या टोकाला आल्याची टीची खूण जुळवायची, दोन्ही रॉकर हाताला सैल लागतात का पाहायचे, म्हणजे पिस्टन कॉम्प्रेशनच्याच वरच्या टोकाला आहे याची खात्री होते. मग पाती.

या वर्षीच्या मे महिन्यातल्या शेवटच्या रविवारी इनटेकमध्ये ०.०५ ओढ देत गेले आणि ०.०६ अडले, तिथे मी हात लावला नाही. एक्झॉस्टमध्ये ०.१० गेले नाही. ०.०९ गेले, पण चिमटीत धरल्यासारखे. गाडीला कसलाही आवाज नव्हता, सुरू व्हायलाही त्रास नव्हता, आणि गेल्या तपासणीच्या पानावर वहीत एक्झॉस्टपुढे "०.१० गेले, ०.११ अडले" असे लिहिलेले होते. मधल्या काळात साडेसात हजार किलोमीटर झाले होते. लॉकनट सैल केला, स्क्रूवर नख फिरवले, चौकोनी डोके केसभर मागे घेतले, लॉकनट आवळला, आणि आवळताना स्क्रू सोबत फिरतो म्हणून पुन्हा तिन्ही पाती घालून पाहिली. नऊ मोकळे गेले, दहा ओढत गेले, वीतभर पट्टीतून कापलेले अकरा तोंडाशीच थांबले. तारीख, किलोमीटर आणि हे तीन शब्द वहीत उतरवले, आणि ऊन अंगणात येण्याआधी हेडचे झाकण लावून टाकले.